प्रकाशाने रंग कोठे बदलावा?

परदेशी असलेल्या लेकीशी आपण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बोलतो. तिच्या दारातली रांगोळी पाहतो, नातवाला हाक मारतो आणि तो आपल्याला नवा सदरा दाखवतो. हे सारे 'हवेतून' येते, अशी पुष्कळांची समजूत आहे. घरातला शेवटचा चार हातांचा प्रवास हवेतून होतो, हे खरे. पण मधली हजारो मैलांची वाट जमिनीखालून आणि समुद्राच्या तळावरून जाते. ती वाट काचेची आहे, आणि तिच्यावरून धावतो तो प्रकाश!

माझी सारी नोकरी टेलिफोनच्या खात्यात गेली. १९७९ साली पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजेसना जोडणारी देशातली पहिली स्थानिक प्रकाशतंतू-यंत्रणा सुरू झाली, तेव्हा मी खात्यात अगदी नवा होतो. काचेच्या धाग्यातून माणसाचे बोलणे जाते, हे घरी सांगितले तर आमच्या मातोश्रींना ती थट्टाच वाटली. आज त्या धाग्यावाचून बँक चालत नाही, रेल्वेचे तिकीट मिळत नाही, आणि इस्पितळातले छायाचित्र मुंबईच्या डॉक्टरांपर्यंत पोचत नाही. म्हणूनच या वाटेवरच्या एका लहानशा, पण फार महत्त्वाच्या प्रश्नाची ओळख वाचकांना करून द्यावी असे वाटले. प्रश्न असा : वाटेत प्रकाशाला आपला रंग बदलावा लागला, तर तो त्याने कोठे बदलावा?

काचेची वाट

आधी धाग्याची माहिती. काचेचा हा तंतू जेमतेम अष्टमांश मिलिमीटर जाडीचा असतो, आणि प्रकाश धावतो तो त्याच्याही पोटातल्या, त्याहून कितीतरी बारीक गाभ्यातून. १९६६ साली चार्ल्स काओ आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडले, की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून संदेश दूरवर नेता येतील. काओ यांना त्याबद्दल २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी अशी काच करून दाखवली. तिच्यातही एका किलोमीटरनंतर प्रकाशाचा पन्नासावा हिस्साच उरे. आजच्या काचेतून पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. साधारण ऐंशी किलोमीटरवर तो पुन्हा सतेज करणारे प्रवर्धक बसवतात. १९८७ च्या सुमारास निघालेल्या या प्रवर्धकांची खुबी अशी, की ते प्रकाशाचे विजेत रूपांतर न करताच सगळ्या रंगांना एकदम सतेज करतात.

'सगळे रंग' म्हणजे काय, तर एकाच धाग्यातून एकाच वेळी अनेक तरंगलांबींचा प्रकाश सोडता येतो. हे रंग आपल्या डोळ्यांना दिसणारे नव्हेत. ते तांबड्याच्या पलीकडले आहेत. तरी त्यांना रंग म्हटले म्हणजे समजायला सोपे जाते. एका धाग्यात असे ऐंशी रंग सहज मावतात. एकेका रंगावरून सेकंदाला १०० अब्ज बिट्स नेले, तर एक केसासारखा धागा सेकंदाला ८ लाख कोटी बिट्स वाहून नेतो. एवढ्या संपत्तीत कोणाला जागा मिळणार नाही, असे कसे होईल? पण होते!

ट्रंक ऑपरेटरची करामत

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ट्रंक कॉल आठवत असेल. पुण्याहून कलकत्त्याला बोलायचे, तर पुण्याची ऑपरेटर नागपूर गाठी आणि नागपूरची ऑपरेटर पुढची वाट शोधी. समजा, पुण्याकडून कॉल तिसऱ्या तारेवरून आला आणि पुढे कलकत्त्याकडची सातवी तार मोकळी आहे. नागपूरच्या बाईने दोरीची एक खुंटी तिसऱ्या भोकात आणि दुसरी सातव्या भोकात खोचली, की काम झाले. आलेली तार कितवी आणि गेलेली कितवी, याचा कोणाला काही विधिनिषेध नव्हता.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र हे स्वातंत्र्य नाही. मधल्या ठाण्यावर आरसे आणि गाळण्या प्रत्येक रंगाला हव्या त्या दिशेला वळवतात. पण निळा म्हणून आलेला प्रकाश निळा म्हणूनच पुढे जातो. त्यामुळे पुणे ते कलकत्ता एकच रंग सगळ्या टप्प्यांवर मोकळा असला पाहिजे. पहिल्या टप्प्यावर निळा मोकळा आहे, दुसऱ्यावर तांबडा मोकळा आहे. म्हणजे जागा दोन्हीकडे आहे, आणि तरीही वाट बंद! प्रत्येक डब्यात एक बाक रिकामा असून प्रवाशाला गाडीत घेता येऊ नये, तसलाच हा प्रकार. शास्त्रज्ञ याला 'तरंगलांबीच्या सातत्याची अट' म्हणतात.

यावर उपाय आहे. त्या यंत्राला इंग्रजीत 'वेव्हलेंग्थ कन्व्हर्टर' म्हणतात. आपण घरगुती भाषेत त्याला 'रंगबदल्या' म्हणू. हा दोन तऱ्हांचा असतो. पहिला सरळमार्गी : आलेला प्रकाश वाचून त्याची वीज करायची आणि त्या विजेने दुसऱ्या रंगाचा नवा लेसर उघडझाप करवायचा. दुसरा अधिक चतुर. त्यात एका अर्धवाहक प्रवर्धकात संदेशाचा प्रकाश आणि नव्या रंगाची एक अखंड ज्योत एकदमच सोडतात. संदेश प्रखर झाला, की तो प्रवर्धकाची सारी शक्ती खाऊन टाकतो आणि ज्योत मंदावते; संदेश मावळला, की ज्योत उजळते. अशा रीतीने नव्या रंगावर जुन्या संदेशाची उलटी नक्कल उमटते. उलटी का असेना, वाचता येते.

मग सगळीकडेच का बसवत नाहीत?

माझ्या नातीने हाच प्रश्न विचारला. "आजोबा, प्रत्येक ठाण्यावर एकेक बसवून टाका ना! कटकट मिटली."

मी तिला मिरजेची गोष्ट सांगितली. १९७१ साली पुणे-मिरज मार्ग रुंद झाला. त्यानंतर बरीच वर्षे मिरजेस रेल्वेचे तीन तऱ्हेचे रूळ एकत्र येत होते : रुंद, मीटरचा, आणि बार्शी लाइनचा चिमुकला अरुंद. एका रुळावरचा माल दुसऱ्यावर जायचा, तर पोती डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावी लागत. त्यासाठी हमाल हवेत, फलाट हवा, वेळ हवा. आणि एखादे पोते फाटणार हे गृहीतच! असली जागा प्रत्येक स्टेशनात करणे कोणत्या रेल्वेला परवडेल? रंगबदल्याचेही तसेच आहे. प्रत्येक धाग्याच्या प्रत्येक रंगासाठी तो निराळा लागतो. तो पैसा खातो, वीज खातो, जागा खातो, आणि चतुर जातीचा असेल तर संदेशात थोडा गढूळपणाही मिसळतो. तेव्हा थोडेच घ्यायचे आणि नेमके बसवायचे. आता खरा प्रश्न आला : नेमके म्हणजे कोठे?

तीन वाट्या आणि दोन रंगांची लोकर

हा खेळ आपण घरी करून पाहावा. आम्ही तो जेवणाच्या टेबलावर केला. तीन वाट्या वर्तुळात मांडा : एक मुंबई, दुसरी पुणे, तिसरी नाशिक. वाहतूक एकाच दिशेने, मुंबईहून पुण्याला, पुण्याहून नाशिकला, नाशिकहून परत मुंबईला. (ही वाट काल्पनिक आहे, हे सांगायला नकोच.) तांबडी आणि निळी अशी दोनच रंगांची लोकर घ्या. प्रत्येक टप्प्यावर एका रंगाचा एकच धागा जाऊ शकतो.

आता तीन संदेश पाठवायचे आहेत. पहिला मुंबईहून पुण्यावरून नाशिकला. त्याला तांबडी लोकर दिली. दुसरा पुण्याहून नाशिकवरून मुंबईला. पुणे-नाशिक टप्प्यावर तो पहिल्याच्या बरोबर जातो, म्हणून त्याला निळी. तिसरा नाशिकहून मुंबईवरून पुण्याला. मुंबई-पुणे टप्प्यावर तांबडी अडलेली, नाशिक-मुंबई टप्प्यावर निळी अडलेली. कोणत्याही टप्प्यावर दोनापेक्षा अधिक संदेश नाहीत, आणि तरीही दोन रंग पुरत नाहीत! नातीने दहा मिनिटे खटपट केली, चिरंजीवांनी केली. "तुमचे झाले असेल तर वाट्या द्या, आमटी निवते आहे," असे स्वयंपाकघरातून आले तरी कोणी उठेना.

मग मी मुंबईच्या वाटीत एक सुपारी ठेवली आणि म्हटले, "हा रंगबदल्या." नात क्षणभर पाहत राहिली आणि टाळी वाजवून म्हणाली, "तिसरा नाशिकहून मुंबईपर्यंत तांबडा, आणि तिथून पुढे निळा!" सुटले की कोडे. गंमत म्हणजे सुपारी पुण्याच्या किंवा नाशिकच्या वाटीत ठेवली असती, तरी सुटलेच असते.

हे केवळ तीन वाट्यांपुरते खरे नाही. वर्तुळात तीनशे ठाणी असोत. कोणत्याही एका ठाण्यावर तेथून जाणाऱ्या सगळ्या संदेशांचा रंग बदलण्याची सोय केली, की सर्वांत गर्दीच्या टप्प्यावर जेवढे संदेश, तेवढेच रंग पुरतात. सोय नसेल, तर कधी कधी जवळजवळ दुप्पट रंग लागतात. कारण साधे आहे. त्या ठाण्यावर वर्तुळ कापले गेले असे समजा, म्हणजे ती सरळ दोरी होते. आणि सरळ दोरीवर आधी ठरलेल्या संदेशांची रंगवाटणी कधीच अडत नाही.

तारकेच्या आकाराची, म्हणजे मध्ये एक मोठे ठाणे आणि भोवती अनेक लहान अशी रचना घ्या. आपण म्हणू, मधल्या ठाण्यावर तर रंगबदल्या हवाच! पण जाण्यायेण्याचे धागे वेगळे असतील आणि सारे संदेश आधी ठाऊक असतील, तर तेथे त्याची गरजच नाही. हंगेरीचे गणिती केनिग यांच्या १९१६ सालच्या सिद्धान्तातून हे निघते. तेव्हा प्रकाशतंतू कोणाच्या स्वप्नातही नव्हता! जेथे गर्दी तेथे यंत्र, हा आपला सरधोपट हिशेब येथे चुकतो.

हिशेब काय सांगतो?

परंतु संसारात सगळे आधी ठाऊक कोठे असते? संदेश येतात, जातात. कोणता रंग केव्हा मोकळा होईल याचा नेम नसतो. तेथे संभवाचे गणित लागते. त्याची एक हकीकत सांगतो.

निवृत्तीनंतर एका खाजगी कंपनीने मला सल्ल्यासाठी बोलावले होते. नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांची वाट सरळ होती : पाच गावे, चार टप्पे. एका टोकाला मोठे शहर आणि कंपनीची कचेरी. दुसऱ्या टोकाला तालुक्याचे गाव, आणि त्या गावी एक इस्पितळ, जे आपल्या रुग्णांची छायाचित्रे शहरातल्या तज्ज्ञांकडे पाठवी. पैसे होते एकाच ठाण्यावर रंगबदल्ये बसवण्यापुरते. ते शहराजवळच्या पहिल्याच ठाण्यावर बसवावेत, असे साहेबांचे मत. तेथे वातानुकूलित खोली होती, माणसे होती, आणि पाहुण्यांना दाखवायलाही सोयीचे होते.

बैठकीत इचलकरंजीकडची एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. ती हळूच म्हणाली, "सर, मी थोडा हिशेब केला आहे. दाखवू का?"

"दाखवा की," साहेब म्हणाले. पण त्यांचे लक्ष घड्याळाकडे होते.

तिचा हिशेब वाचकांनीही पाहावा. सोयीसाठी दहाच रंग धरा. प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक रंग निम्मा वेळ गुंतलेला असतो, आणि एका टप्प्याचा दुसऱ्याशी संबंध नाही, असे माना. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या शंभर संदेशांपैकी किती जणांना वाट मिळणार नाही? रंगबदल्या कोठेच नसेल, तर ५२. तिन्ही मधल्या ठाण्यांवर असेल, तर शंभरांत एकही पुरा नाही, हजारांत ४. एकाच ठाण्यावर, पण शहराशेजारी पहिल्याच ठिकाणी असेल, तर २६. आणि बरोबर मध्यावर असेल, तर ११!

यंत्र तेच, खर्च तोच; जागा बदलली आणि अडणारे संदेश निम्म्याहून कमी झाले. कारण उघड आहे. एकच रंग सलग तीन टप्प्यांवर मोकळा सापडणे फार दुर्मीळ. सलग दोन टप्प्यांवर त्या मानाने सोपे. म्हणून लांब पल्ला असा तोडावा, की कोणताच तुकडा फार लांब राहू नये. जिन्यावर एकच दिवा लावायचा, तर शहाणी गृहिणी तो दिवाणखान्याच्या दाराशी लावत नाही, मधल्या वळणावर लावते.

साहेबांनी घड्याळावरची नजर काढली. त्यांनी एक योग्य शंका काढली : "टप्प्यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे खरे कशावरून? एकत्र आलेली गर्दी पुढेही एकत्रच जाते."

"खरे आहे, सर," ती म्हणाली. "त्यामुळे फायदा थोडा कमी होईल. पण मध्यावरची जागा तरीही पहिलीपेक्षा बरी ठरेल."

मी तिला दुजोरा दिला. हिशेबातला हा बारकावा १९९६ साली बॅरी आणि हम्बलेट यांनी नीट मांडला आहे. त्याच वर्षी सुरेश सुब्रमण्यम, मुरात अझिझोग्लू आणि अरुण सोमाणी यांनी दाखवले, की सगळ्या ठाण्यांवर रंगबदल्ये बसवून जो फायदा मिळतो, त्यातला बराचसा थोड्याच ठाण्यांवर ते नीट बसवून पदरात पडतो.

मधले गाव लहान होते. तेथे खोली बांधावी लागणार होती, विजेची जोड सोय करावी लागणार होती. तासभर वाद झाला. शेवटी साहेबच म्हणाले, "त्या टोकाला इस्पितळ आहे. अकरा आणि सव्वीस यांत पंधरा माणसे बसतात." खोली बांधली गेली. बैठकीत मोठे पद बोलते आणि हिशेब गप्प बसतो, असा माझा पुष्कळ वर्षांचा अनुभव. त्या दिवशी उलट झाले, म्हणून ही हकीकत लक्षात राहिली.

जाळे झाले की गाठ पडते

दोरी आणि वर्तुळ सोपे. पण खरी वाट कोळ्याच्या जाळ्यासारखी असते. १९९८ साली बेल प्रयोगशाळेतल्या गॉर्डन विल्फाँग आणि पीटर विंक्लर यांनी सिद्ध केले, की कोणत्याही जाळ्यासाठी रंगबदल्यांची कमीत कमी ठाणी शोधून काढणे हे गणितातल्या अत्यंत अवघड प्रश्नांच्या जातीचे आहे. जाळे वाढले, की सगळे पर्याय तपासायला संगणकालाही आयुष्य अपुरे पडते. गावातल्या प्रत्येक रस्त्याच्या निदान एका टोकाला पोलीस उभा राहावा आणि पोलीस कमीत कमी लागावेत, हे कोडे याचेच भावंड आहे. १९९९ साली क्लाइनबर्ग आणि कुमार यांनी एक तडजोडीची रीत दिली. तिने निघणारे उत्तर उत्तमाच्या दुपटीपेक्षा कधीही वाईट नसते. गणितात याला मोठे यश मानतात; व्यवहारात इंजिनिअर अशा रीतीला अनुभवाची जोड देतो.

एवढी यातायात कशासाठी?

सगळे सुरळीत असते तेव्हा यातले काहीच आपल्याला जाणवत नाही. जाणवते ते वाट तुटल्यावर. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन मोठ्या केबली निकामी झाल्या. दोन्ही मुंबईला जोडलेल्या. भारताच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या वाहतुकीचा मोठा भाग एका दिवसात अडला, आणि ती पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून वळवावी लागली. आमच्या शेजारच्या मुलाची नोकरी परदेशी कंपनीच्या कामावर अवलंबून होती. तो दोन रात्री कचेरीतच होता, आणि त्याची आई दर तासाला आमच्याकडे येऊन "भाऊजी, तुमच्या खात्याची तार जोडली का हो?" असे विचारी. तार आमच्या खात्याची नव्हती आणि समुद्रात माझे काही चालत नव्हते. पण तिची काळजी खरी होती.

केबल तुटणे हे काही रंगबदल्याने थांबत नाही. पण वळसा घालावा लागला, की वाट लांबते, टप्पे वाढतात, आणि त्या वाटेवर आधीचीच गर्दी असते. एकच रंग शेवटपर्यंत मोकळा मिळण्याची शक्यता नेमक्या त्याच घटकेला सर्वांत कमी होते. म्हणूनच शहाणे इंजिनिअर जागा ठरवताना रोजच्या वाहतुकीचा हिशेब करून थांबत नाहीत. हा टप्पा तुटला तर काय, तो तुटला तर काय, असे एकेक टप्पा कागदावर तोडून पाहतात.

आज या कामी मुख्यतः सरळमार्गी, विजेच्या वाटेने जाणारा रंगबदल्याच वापरतात. फार लांबच्या वाटेवर मळलेला संदेश मधे कोठेतरी वाचून नव्याने लिहावाच लागतो. तेथेच त्याला नवा रंगही देता येतो, म्हणजे एका खर्चात दोन कामे! चतुर जातीचा, निव्वळ प्रकाशाचा रंगबदल्या अजून बव्हंशी प्रयोगशाळेतच आहे. त्याची वीज वाचवण्याची ऐपत मोठी आहे. पण गढूळपणा काढून टाकणे त्याला जमले पाहिजे.

इचलकरंजीकडची ती मुलगी आता दुसरीकडे मोठ्या जागेवर आहे. मधल्या गावची ती खोली मात्र मी मुद्दाम वाट वाकडी करून एकदा पाहून आलो. बाहेर बाभळीचे झाड, दाराला साधे कुलूप, आत पंख्याची घरघर आणि चार हिरवे दिवे. गावातल्या कोणालाही आत काय आहे ते ठाऊक नव्हते, शेजारचा चहावाला म्हणाला, "काहीतरी टेलिफोनचं असंल, साहेब." मी म्हटले, "हो, टेलिफोनचेच." टोकाच्या गावातल्या इस्पितळाची छायाचित्रे त्या वेळी त्याच खोलीतून रंग बदलून शहराकडे जात होती, आणि चहावाल्याचा रेडिओ मजेत वाजत होता.